हौद्यातले दोन इंच

पिकअपच्या हौद्याची लांबी बरोबर एक टेप भरली, तेव्हाच खरं तर हिकमतीला शंका यायला हवी होती. जगात कुठलीच गोष्ट इतकी नेमकी भरत नाही. पण टेपचं एक टोक केबिनच्या पत्र्याला, दुसरं मागच्या फाळक्याला आणि मध्ये दोरा घालायलाही जागा नाही, हे पाहून तो इतका हरखला की, "साठ इंच! एक टेप म्हणजे एक हौदा!" असं गल्लीभर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला. शेजारच्या गॅलरीत गणिताचे निवृत्त मास्तर पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून खाली पाहिलं आणि "वा!" म्हणाले. मास्तरांना पूर्ण संख्या फार आवडत.

त्याला हिकमती हे नाव गल्लीनंच दिलं होतं. लोकांचं सामान इकडून तिकडे पोचवायचा त्याचा धंदा, आणि त्यासाठी ही छोटी पिकअप. पुढे चार माणसं बसतील एवढी केबिन, मागे जेमतेम हौदा. दुसरा कोणी असता तर मोठी गाडी कधी घेता येईल याचा विचार करत बसला असता. हिकमती हौद्याकडे बघत बसायचा. बघता बघता त्यात काही ना काही उगवायचं. बंद पडलेल्या व्यायामशाळेतल्या रबरी चटया हौद्यात आल्या आणि सामान घसरायचं थांबलं. सायकलच्या जुन्या ट्यूब कापून त्यांना आकडे लावले, तर कितीही मोठं कपाट जागचं हलेना. कपडे वाळत घालायची नळी एक दिवस घरातून गेली ती हौद्याच्या कडेला कठडा होऊन बसली. त्या दिवसापासून घरचे कपडे पिकअपवरच वाळू लागले. गिऱ्हाइकाकडे जाताना निम्म्या वाटेत सुकायचेही.

"विकत कोणीही घेतं," तो म्हणायचा, "जमवायला अक्कल लागते." आणि लोकांना ते पटायचं. संध्याकाळी दोन-चार माणसं त्या हौद्यापाशी नुसती उभी राहायची. घरी नवं बाळ आल्यावर जशी राहतात तशी.

बायको शिवणकाम करायची. गेले अठरा दिवस पुढच्या खोलीत तिच्या मशीनचा आवाज थांबला नव्हता. नाट्यगृहाचा नवा पडदा शिवायचं काम तिला मिळालं होतं. गर्द निळी मखमल, दोन भाग, आणि उंची अशी की खोलीत उलगडायला जावं तर मखमल दारातून बाहेर जाऊन जिन्याच्या दोन पायऱ्या उतरायची. वीस वर्षं तिनं लोकांच्या अंगावरचं शिवलं होतं. ते कपडे घालून माणसं कुठे कुठे जायची, फोटोत दिसायची; शिवणारीला कोण विचारतो? हा पडदा मात्र चारशे माणसं एकाच वेळी समोर बसून बघणार होती, आणि पहिल्या प्रयोगाला व्यवस्थापकांनी तिच्यासाठी पुढच्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली होती. त्या खुर्चीचा विषय ती दिवसातून एकदा तरी काढायची, पण सहज काढल्यासारखा.

हिकमतीनं ठरवलं की हा पडदा नेहमीच्या सामानासारखा न्यायचा नाही.

"असा नेईन," तो म्हणाला, "की एक सुरकुती दिसली तर नाव बदलीन."

"नाव तुम्हाला लोकांनी ठेवलंय. तुम्ही काय बदलणार?" बायकोनं मशीनवरून मान वर न करता विचारलं.

योजना खरोखर सुंदर होती. हौद्यात एक फूट उंचीवर प्लायवूडची फळी टाकायची. वर नेहमीचं सामान, आणि खाली एक मोठा खण. खण एका मोडक्या कपाटाच्या तळातला होता, त्याला टाकून दिलेल्या ऑफिसच्या खुर्च्यांची चाकं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे ट्यूब. खण आत ढकलला की मागच्या कोपऱ्यांना बांधलेल्या ट्यूब ताणल्या जायच्या. फाळका उघडला की खण आपला आपण बाहेर. वाकायला नको, ओढायला नको. चाचणी घेतली तेव्हा खण हौद्यातून निघाला, टेकवलेल्या फळीवरून उतरला आणि अंगण ओलांडून बादलीवर जाऊन थडकला.

"जोर जरा जास्त झाला का?" मास्तरांनी गॅलरीतून विचारलं.

"कमी असण्यापेक्षा बरा," हिकमती म्हणाला.

"पण मी म्हणतो, पडदा केबिनमध्ये मागच्या सीटवर ठेवला तर?"

हिकमतीनं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "मग हौद्याचा उपयोग काय, मास्तर?"

पडदा न्यायच्या दिवशी सकाळी सुतारदादा मापाप्रमाणे कापलेली फळी घेऊन आले. खणात पडदा घडी घालून झाला होता, वर पांढरी चादर झाकली होती, खण आत ढकलून ट्यूब ताणून एका खुंटीनं अडकवला होता. आता फक्त फळी टाकायची, फाळका लावायचा आणि खुंटी काढायची. रुंदीला फळी जरा कमीच होती, दोन्ही कडांना बोटभर फट राहत होती. ते चालण्यासारखं होतं. लांबीला मात्र फळी हौद्यात बसेना. पुढचं टोक केबिनला टेकवलं तर मागचं टोक दोन इंच बाहेर.

"दादा, फळी मोठी कापलीत," हिकमती म्हणाला.

सुतारदादांच्या तोंडावर असं कोणी बोलायचं नाही. त्यांनी खिशातून पोलादी टेप काढली, फळीवर लावली आणि ती हिकमतीच्या नाकासमोर धरली. साठ. एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही.

"मग हौदा आकसला," हिकमती म्हणाला. "थंडीनं लोखंड आकसतं."

"दोन इंच?"

"थंडी किती आहे बघा ना."

"आण इकडे, दोन इंच कापून देतो. पाच मिनिटांचं काम."

पण हिकमती तयार होईना. माप त्यानं स्वतः घेतलं होतं. माप बरोबर असताना फळी कापायची म्हणजे न केलेली चूक कबूल करायची. शिवाय तीन वाजता नाट्यगृहावर पोचायचं होतं. तो फाळक्याला पाठ लावून उभा राहिला. सुतारदादाही, तत्त्व बाजूला ठेवून, शेजारी पाठ लावून उभे राहिले. "एक, दोन..." म्हणत दोघांनी रेटा दिला. फळी कण्हली, मग मधोमध हळूहळू वर उठली, मांजर उठताना पाठ उंचावतं तशी, आणि फाळक्याच्या दोन्ही कड्या खाट्कन बसल्या.

हिकमतीनं कडेच्या फटीतून बोट घालून खुंटी काढली आणि मागे सरकून पाहिलं. हौद्यावर एक सुबक टेकडी तयार झाली होती.

"पाणी साचणार नाही," हिकमती म्हणाला. "दोन्हीकडून निथळून जाईल."

"चाळीस वर्षं फळ्या सरळ करतोय मी," सुतारदादा हळू आवाजात म्हणाले. "हे डोक्यातच आलं नाही कधी."

मास्तर तर खालीच उतरून आले. त्यांनी त्या कमानीवरून हात फिरवला आणि मीही येतो म्हणाले. त्यांना गाडी धावताना ती कमान बघायची होती. बायको ठेवणीतली साडी नेसून बाहेर आली. टेकडीकडे तिनं एकदा पाहिलं, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता पुढे बसली. लग्नाला वीस वर्षं झाली की माणूस प्रश्न निवडून विचारतो.

नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला सामान उतरवायचा ओटा होता. बरोबर हौद्याच्या उंचीचा, आणि त्यावरून सरळ दार रंगमंचावर. हिकमतीनं गाडी मागे घेत ओट्यापासून दीड हातावर आणून उभी केली. व्यवस्थापक किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारातच उभे होते. किरकोळ अंगाचा माणूस, काळजीनं आणखी किरकोळ झालेला.

"आलात! सकाळीच जुना पडदा उतरवून देऊन टाकला मी. रंगमंच अगदी उघडा पडलाय. सहाला प्रयोग, लावायला दोन तास. काढा, काढा."

हिकमती ऐटीत पुढे झाला. "जरा बाजूला व्हा साहेब. हा आपोआप येतो."

त्यानं कडी ओढली. कडी हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. मग पाय लावून ओढली. आतून फळी फाळक्याला जी रेटत होती, त्या रेट्यानं कड्या अशा आवळल्या होत्या की जणू डाग देऊन जोडल्यात. त्यानं फळीच्या टेकडीवर चढून दाब देऊन पाहिला. टेकडी तसूभर खाली गेली आणि फाळका आणखी घट्ट झाला. कड्यांचे नट सोडवावेत म्हटलं, तर ते आतल्या बाजूला, आणि त्याचे पानेही हौद्यातच होते. खास केलेल्या कप्प्यात, फळीखाली.

व्यवस्थापकांनी कडेच्या फटीतून दोन बोटं घातली आणि निळ्या मखमलीचं एक टोक बाहेर ओढलं. वीतभर आलं. "एवढा आलाय," ते आशेनं म्हणाले.

"साहेब, तो अकरा फूट उंच आहे," बायको म्हणाली.

"मग करवत आणतो. फळी कापू."

तेव्हा ती मात्र फाळक्यासमोर जाऊन उभी राहिली. "अठरा दिवस बसलेय मी त्याला. करवतीचा एक दात जरी मखमलीला लागला ना, तर मीच उचलून परत नेईन सगळं. करवत नाही." आवाज चढला नव्हता, पण व्यवस्थापकांनी मखमलीचं टोक हळूच पुन्हा फटीत सारलं.

मास्तर एवढा वेळ टेकडीपाशीच होते. त्यांनी खिशातली फूटपट्टी काढून तिची उंची मोजली, मग पेपरच्या कोऱ्या कडेवर काहीतरी मांडलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"साडेसहा इंच! अहो, काय सुंदर आहे हे! फळी दोन इंच जास्त आहे फक्त. दोनच इंच, आणि मधोमध साडेसहा इंच उचलली गेली! हौदा अठ्ठावन्न इंच असणार, अठ्ठावन्न!"

"साठ आहे," हिकमती म्हणाला. "तुमच्यासमोर मोजला. बरोबर एक टेप."

बायको वळली. "कुठल्या टेपनं?"

"तुझ्याच. ती पिवळी, मशीनवर असते ती."

"अहो, त्या टेपला पहिले दोन इंच नाहीत. इस्त्रीखाली जळाले. वीस वर्षं झाली."

"काय?"

"ती दोनपासून सुरू होते. बघितलं नाहीत कधी?"

"सुरुवात कोण बघतं? माणूस शेवट बघतो!" आणि मग त्याला एकदम दुसरंच काही सुचलं. "थांब. मग तू वीस वर्षं मापं कशी घेतेस?"

"हात घेतो. दोन वजा होतात आपोआप. सांगावं लागत नाही त्याला."

हिकमती थक्क झाला. वीस वर्षं त्याच घरात राहत होता तो. हजारो कपडे त्या टेपवरून गेलेले त्यानं पाहिले होते, त्याच्या स्वतःच्या अंगातला शर्टही त्यातलाच, आणि एकाही बाहीत दोन इंचांचा फरक पडला नव्हता. आपण ट्यूब आणि चाकं लावून जे आपोआप करत होतो, ते हिच्या मनगटात बसवलेलं होतं, एक खिळा न मारता. तो तसाच तोंड उघडं ठेवून उभा राहिला असता, पण बायकोचा चेहरा पडत चालला होता.

"इथला जुना पडदा मोजायला मी तुम्हाला पाठवलं होतं," ती म्हणाली. "तो कुठल्या टेपनं मोजलात?"

"त्याच पिवळ्या," तो पुटपुटला.

"कितीदा टेप लावलीत?"

"तीनदा."

"सहा इंच जास्त," मास्तर म्हणाले, आणि बोललो नसतो तर बरं, असं त्यांना लगेच वाटलं.

जुन्या पडद्याएवढाच नवा हवा, एवढंच व्यवस्थापकांनी सांगितलं होतं. तिनं आलेल्या आकड्याबरहुकूम शिवला होता, आणि तिचा हात चुकत नसल्यामुळे चूक जशीच्या तशी पडद्यात उतरली होती. ती ओट्याच्या पायरीवर बसली. ठेवणीतल्या साडीचा विचार न करता बसली, यावरून हिकमतीला कळलं की आता काहीच खरं नाही. पडदा अडकलेला, सुटला तरी सहा इंच चुकलेला, चारशे माणसं येणार आणि पुढच्या रांगेत ही. त्याला आपल्या हौद्यातल्या एकेका सुधारणेची लाज वाटायला लागली. चटयांचीसुद्धा.

"माझं चुकलं गं," तो म्हणाला. हे वाक्य तो फारसं वापरत नसे, त्यामुळे ते नवंकोरं होतं.

तिची नजर फाळक्यावर होती. वरच्या कड्यांवरून खाली आली, खालच्या बिजागऱ्यांवर थांबली. मग ती उठली.

"गाठीशी काय झटताय मघापासून? शिवण उसवायची असेल आणि गाठ सुटत नसेल, तर दुसऱ्या टोकाकडून उसवायची. खालचे नट काढा."

तिघंही पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. मग व्यवस्थापक पाना आणायला धावले. बिजागऱ्यांना चार नट होते. हिकमतीनं तीन काढले आणि चौथ्याला पाना लावला.

"बाजूला उभं राहून काढा," बायको म्हणाली, आणि त्याचे गुडघे त्यामुळेच वाचले.

चौथा नट सुटला मात्र, कमान सुटल्यासारखा आवाज झाला. फळी एका झटक्यात सपाट झाली, फाळका खालून उसळला, कड्यांतून निसटला आणि ओटा नि हौदा यांच्यामधल्या दीड हातावर पुलासारखा आडवा पडला. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे होतं तोवर ट्यूबांनी आपलं काम केलं. फळीखालून पांढरी चादर पांघरलेला खण बाहेर आला. पुलावरून गेला. ओट्यावरून गेला. व्यवस्थापक दारातून बाजूला झाले, तशी त्यांच्या समोरून मान न वळवता आत गेला. गुळगुळीत लाकडी रंगमंचावर चाकांचा हलका आवाज करत तो सरकत राहिला, सरकत राहिला, आणि पडद्याच्या दांडीच्या बरोबर खाली येऊन, दमला म्हणून नव्हे तर पोचला म्हणून, थांबला.

कोणी हललं नाही. रिकाम्या चारशे खुर्च्यासुद्धा त्याच्याकडे बघत होत्या.

"हे," व्यवस्थापक कसेबसे म्हणाले, "हे असंच व्हायचं होतं?"

हिकमतीनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं पदर तोंडाला लावला होता. रडतेय की हसतेय ते त्याला कळलं नाही.

"साधीच सोय आहे," तो म्हणाला.

चादर काढली. मखमलीवर एकही सुरकुती नव्हती. नाव बदलायची वेळ टळली. पण सहा इंचांचं काय? पडदा वर चढू लागला, कडी कडीत अडकू लागली, आणि बायकोनं त्याच्याकडे पाठ फिरवली. जमिनीवर लोळणारा पडदा तिला बघवला नसता. दोन्ही भाग लागले. नंतर मागे इतकी शांतता झाली की तिला वळावंच लागलं.

पडद्याची कड जमिनीला टेकली होती. लोळत नव्हती, उचललेली नव्हती, नुसती टेकली होती.

व्यवस्थापक गुडघ्यांवर बसून ती कड बघत होते. "जुना पडदा धुऊन धुऊन अर्धा फूट वर गेला होता," ते म्हणाले. "कित्येक वर्षं लोकांना पडद्याखालून नटांचे पाय दिसायचे. राजा मेला, पडदा पडला, की राजाचे पाय उठून चहाला जाताना दिसायचे. पोरं पायच बघायला यायची. आणि मी मूर्खासारखा तुम्हाला म्हणालो, जुन्याएवढाच शिवा! ताई, तुम्ही न सांगता ओळखलंत. अर्धा फूट, बरोब्बर अर्धा फूट! हे माप घेतलं कोणी?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं. हिकमतीनं बुटांकडे पाहिलं.

"यांनी," बायको म्हणाली. "यांचं माप म्हणजे माप."

सहा वाजता ती पुढच्या रांगेतल्या खुर्चीत बसली. दिवे मंद झाले तरी पडदा अजून बंद होता, आणि चारशे माणसं त्या गर्द निळ्या मखमलीकडे बघत गप्प झाली. मागून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अगं, पाय नाही दिसत आज." शेजारच्या खुर्चीत हिकमतीनं नाटक फारसं पाहिलंच नाही. तो अधूनमधून बायकोच्या मनगटाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाजारात गेला आणि नवी टेप घेऊन आला. विकत. हे कळल्यावर गल्लीत थोडी खळबळ झाली. त्यानं ती बायकोच्या मशीनवर ठेवली आणि म्हणाला, "घे. पूर्ण साठ. एकपासून सुरू."

तिनं टेप उलगडली, दोन्ही टोकं निरखली, बोटांवरून फिरवून पाहिली. "छान आहे," ती म्हणाली. मग तिनं कात्री घेतली, पहिले दोन इंच कचकन कापून टाकले आणि टेप गळ्यात घातली.

"आता झाली बरोबर."

हिकमतीनं खाली पडलेला तो दोन इंचांचा तुकडा उचलला, नीट पुसला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. हौद्याची पुढची सुधारणा मोजताना तो लागणार होता.